स्टेशनघर रुळांच्या बाजूने पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मियागाम-डभोई या जुन्या नॅरोगेज मार्गावरच्या एका लहान स्टेशनचे जुने घर बंद पडून आहे. आपले आजोबा तिथे स्टेशनमास्तर होते, आणि रेल्वेची परवानगी मिळवून, गावकऱ्यांच्या मदतीने ते नीटनेटके करून तिथे वाचनालय चालवावे असा आपला विचार आहे. मात्र ज्यांना ज्यांना घर दाखवले, त्यांनी "यात व्हिक्टोरियन ते काय? ना मनोरा, ना घुमट, ना कोरीव काम," असे म्हणून सिमेंटचा गिलावा आणि तेलरंग सुचवला. म्हणून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: ही इमारत खरोखर त्या काळातली आहे का, तिच्यात जपण्याजोगे नेमके काय आहे, आणि गिलाव्याचे काय करावे. आपली छायाचित्रे मी दोन दिवस पुन्हा पुन्हा पाहिली. एक तक्रार आधीच नोंदवतो. सातपैकी पाच छायाचित्रे रस्त्याच्या बाजूने काढलेली आहेत, आणि या इमारतीची सगळी बुद्धी रुळांच्या बाजूला आहे.

"व्हिक्टोरियन" हा शब्द मुळात एका शैलीचा नाही, काळाचा आहे. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१, आणि या चौसष्ट वर्षांत ग्रीक देवळासारखी, इटालियन हवेलीसारखी, गॉथिक चर्चसारखी आणि अगदी साध्या शेतघरासारखीही स्टेशने बांधली गेली. आपल्या मनात मात्र मुंबईचे बोरीबंदर, म्हणजे आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, इतके पक्के बसलेले आहे की त्याच्यासारखे न दिसणारे स्टेशन आपल्याला त्या काळातले वाटतच नाही. १८७८ साली सुरू होऊन दहा वर्षे चाललेले फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे ते काम थोरच आहे. तिथले कोरीव काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केले, आणि २००४ साली त्या इमारतीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण तो घुमट, ती प्रगतीची मूर्ती, फाटकावरचे सिंह आणि वाघ, हे सगळे कंपनीच्या मुख्य कचेरीचे वैभव आहे. गाड्या उभ्या राहतात त्या मागच्या शेडचा विचार निराळा आणि तो करणारे डोकेही निराळ्या जातीचे. जाता जाता सांगतो: आपल्या वडोदऱ्यात लालबागेजवळ जो प्रताप विलास राजवाडा आहे आणि १९५२ साली ज्यात रेल्वे अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण सुरू झाले, त्याचे वास्तुविशारद चार्ल्स स्टीव्हन्स हे याच स्टीव्हन्स यांचे चिरंजीव. बोरीबंदरशी वडोदऱ्याचे नाते शोधायचेच असेल तर ते तिथे आहे, आपल्या स्टेशनच्या कमानींत शोधू नये.

दर्शनी भाग एकाचा आणि शेड दुसऱ्याची, ही विभागणी त्या काळच्या अनेक मोठ्या स्टेशनांत दिसते. लंडनच्या सेंट पँक्रसला १८६८ साली अभियंता बार्लो यांनी मध्ये एकही खांब न घेता २४० फूट रुंदीची लोखंडी शेड उभारली, आणि तिच्यापुढे स्कॉट यांचे गॉथिक हॉटेल १८७३ साली उघडले. पाहणारे हॉटेलकडे पाहतात. पण त्या स्टेशनची खरी मापे ठरली ती फलाटाखालच्या तळघरात. तिथे बर्टनहून येणारी बिअरची पिंपे ठेवायची होती, म्हणून तळघरातल्या बिडाच्या खांबांमधले अंतर पिंपांच्या मापाने ठरले. त्या खांबांवरच्या फलाटाच्या तुळयांनीच वरच्या प्रचंड कमानीचे पाय एकमेकांशी बांधून धरले आहेत. मालाचे माप, रुळांची उंची, धूर, पाऊस आणि माणसांची ये-जा यांतून इमारत जन्मते, नंतर तिला तोंड लावले जाते. हे मोठ्या स्टेशनाला लागू आहे आणि आपल्या तीन खोल्यांच्या स्टेशनाला तर शंभर टक्के लागू आहे, कारण त्याला तोंड लावायला पैसेच नव्हते.

आता आपल्या मार्गाकडे येऊ. वडोदरा संस्थानाच्या खंडेराव महाराजांनी डभोई आणि मियागाम यांच्यात १८६२ साली टाकलेला हा अडीच फुटी मार्ग भारतातल्या नॅरोगेजचा आरंभ मानला जातो. आरंभीचे रूळ यार्डाला १३ पौंडांचे, म्हणजे इतके हलके होते की नीलसन कंपनीकडून आणवलेली इंजिने त्यांना पेलवेनात आणि डबे बैलांनीच ओढावे लागले. १८७३ साली जाड रूळ टाकून मार्ग नव्याने सुरू झाला. पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात डभोईहून अनेक दिशांना फाटे फुटले. एका बाजूला १८९० साली मँट आणि चिझम यांच्या हातून पूर्ण झालेला लक्ष्मी विलास राजवाडा, आणि दुसऱ्या बाजूला त्याच संस्थानाच्या रेल्वेची ही कौलारू ठेंगणी स्टेशने. दोन्ही एकाच काळातली आहेत. राजवाड्यासाठी वास्तुविशारद होते, आणि स्टेशनांसाठी अभियंत्याच्या कचेरीतला ठरलेला नमुना नकाशा होता, जो गावागणिक एखादी खोली कमी-जास्त करून वापरला जाई. त्यामुळे आपल्या घराला "अमक्याने बांधलेले" असे नाव मिळणार नाही. मला त्यात कमीपणा वाटत नाही. नमुना नकाशा म्हणजे चुका करून, सुधारून, शेवटी टिकलेले शहाणपण असते.

फलाटाच्या बाजूचे आपले छायाचित्र समोर ठेवा. घर बसके का दिसते? दाराच्या चौकटीखाली उंबऱ्याआधी एकच पायरी आहे आणि खिडकीची बैठक जेमतेम गुडघ्याला लागेल इतकी खाली आली आहे. जुन्या नॅरोगेज स्टेशनांवर फलाट जवळजवळ रुळांच्याच पातळीत असे. डब्याच्या पायऱ्यांवरून माणसे वर चढत आणि स्टेशनघराला दीड-दोन फुटांचे जोते असे. नंतर कधीतरी भराव घालून फलाट उंच केला गेला आणि जोते गाडले गेले. बुटके झालेले घर एरवी केवळ दिसायला वाईट, पण गाडलेले जोते म्हणजे भिंतीला लागलेली ओल, आणि आपल्या भिंतींवर तीन फुटांपर्यंत जी पांढरट, फुगलेली पट्टी दिसते आहे, ती त्याचीच. गिलाव्याचा प्रश्न इथून सुरू होतो. त्याकडे नंतर येतो.

वर पाहा. छपराच्या कडेला उभ्या फळ्यांची टोकदार झालर आहे, आणि तिच्याच बाबतीत आपल्या परिचितांनी "ही कुजकी नक्षी काढून टाका" असे म्हटले आहे. ती नक्षी नाही. आडवी सलग फळी लावली तर पावसाचे पाणी तिच्या खालच्या कडेने सरकत सरकत मागे वळते आणि वाशांच्या टोकांत शिरते. फळ्या उभ्या लावून त्यांची टोके अणकुचीदार केली की प्रत्येक टोकावरून पागोळी सुटी होऊन खाली पडते. लाकडाचे तंतू उभे असल्याने पाणी ओघळून जाते, आणि एखादी फळी कुजली तर तेवढीच बदलता येते. शिवाय कलत्या उन्हाची तिरीप ती झालर अडवते, आणि इंजिनाचा धूर फलाटाच्या छपराखाली थेट शिरू देत नाही. इंग्लंडमधल्या पावसासाठी शोधलेली ही युक्ती गुजरातच्या उन्हालाही उपयोगी पडली, म्हणून ती टिकली. आपल्याकडच्या सुताराला एक चांगली फळी नमुन्याला द्या. सागवानात तशा चाळीस फळ्या कापणे त्याला दोन दिवसांचे काम आहे.

छपराला पंचवीस-तीस अंशांचा उतार आणि त्यावर मंगलोरी कौले आहेत. बासेल मिशनने मंगलोरला अशा कौलांचा कारखाना १८६५ साली काढला, आणि रेल्वेनेच ती देशभर पोहोचवली असे म्हटले तरी चालेल. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा ठसा असतो. पण कौलांवरून घराचे वय ठरवू नका, कारण माकडे आणि वादळे यांच्यामुळे ती दर वीस-पंचवीस वर्षांनी बदललेली असतात, आणि आपल्या घरावर निदान दोन रंगांची कौले मला दिसतात. आढ्याखाली दोन्ही बाजूंना झडपांचे झरोके आहेत, ते कुणीतरी पत्र्याने बंद केले आहेत. १४-१५ फूट उंच खोलीतली तापलेली हवा त्यांतूनच बाहेर जाई. पत्रे काढा, आत जाळी लावा. वाचनालयाला वातानुकूलन यंत्राचा विचार त्यानंतर करा, कदाचित करावाच लागणार नाही.

वयाचा खरा पुरावा छपराला पेलणाऱ्या खांबांत आहे, आणि आपण तो न कळत छायाचित्रात पकडला आहे. फलाटावरचे चार खांब बिडाचे ओतीव खांब नाहीत, ते उभे केलेले जुने रूळ आहेत. जवळच्या चित्रात त्यांचा छेद दिसतो: वर-खाली सारखाच गोल माथा, डमरूसारखा. हा दुमाथी रूळ. खुर्चीसारख्या बिडाच्या बैठकीत तो बसवत आणि वरचा माथा झिजला की उलटा करून वापरता येईल अशी कल्पना होती. प्रत्यक्षात खालचा माथाही बैठकीत घासून खाचत असे, त्यामुळे ती कल्पना कागदावरच राहिली. नॅरोगेजवर सपाट बुडाचे हलके रूळ असत. तेव्हा हे खांब ब्रॉडगेजवरून, बहुधा बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या मार्गावरून उखडलेल्या जुन्या रुळांचे आहेत. रेल्वेच्या काटकसरीचा हा ठसा मला कोणत्याही कोरीव कमळापेक्षा जास्त आवडतो. वापरून निवृत्त झालेला रूळ छपराचा खांब होतो, कुंपणाचा खुंट होतो, आणि त्याचा हातभर तुकडा दोरीला टांगून हातोडीने ठोकला की स्टेशनची घंटा होतो.

त्या काळच्या पोलादी रुळाच्या मधल्या उभ्या भागावर बहुधा उठावाची अक्षरे असतात: कारखान्याचे नाव, वर्ष, कधी यार्डाचे वजन आणि कधी रेल्वे कंपनीची आद्याक्षरे. रंगाचे थर चढल्याने ती दिसत नाहीत, पण बोटांना लागतात. मात्र तिथे १८८२ असे वाचायला मिळाले म्हणून घर १८८२ चे ठरवू नये, ही चूक मी जाणत्या माणसांनाही करताना पाहिली आहे. रूळ आधी कारखान्यात तयार झाला, मग पंधरा-वीस वर्षे गाड्यांखाली झिजला, आणि मग इथे खांब म्हणून आला. ते वर्ष एवढेच सांगते की छप्पर त्याच्या आधीचे असू शकत नाही. शिवाय छप्पर घराच्या नंतरही जोडलेले असू शकते. भिंतीत वासे कसे शिरले आहेत ते पाहा. तोडून घुसवलेले असतील तर भोवतीच्या विटा फुटलेल्या दिसतील, आणि मुळातले असतील तर वाशाखाली दगडाची किंवा लाकडाची उशी असेल.

भिंती विटांच्या आहेत आणि दारे-खिडक्यांवर कमी उंचीच्या बसक्या कमानी आहेत. हेही हौसेपायी नाही. वडोदरा-डभोईच्या भागात गाळाची आणि काळी जमीन, बांधकामाचा चांगला दगड जवळ नाही, आणि लांब दगडी पाट आणवणे महाग. वीट मात्र गावात भाजता येते, आणि विटांनी चार-पाच फुटांचे मोकळे अंतर पार करायचे तर कमान हाच मार्ग. पांढऱ्या रंगाखाली गिलावा थोडा पडला आहे तिथे वीट मोजा. सुमारे ९ इंच लांब आणि ३ इंच जाड असेल तर ती रेल्वेच्या किंवा सरकारी बांधकामाच्या मापाची आहे. जुन्या वाड्यांतली वीट याहून पातळ असते. कमानीच्या विटा पाचरीसारख्या घासून बसवल्या आहेत का, की सरळ विटा लावून चुन्याच्या फटीच पाचरीसारख्या ठेवल्या आहेत, एवढ्यावरून गवंडी मन लावून काम करणारा होता की घाईतला, हे कळते.

आता गिलावा. पोरबंदरला १९१४ साली सिमेंटचे उत्पादन सुरू झाले, त्याआधी आपल्या बाजूच्या असल्या लहान इमारतींत सिमेंट जवळजवळ नव्हतेच. आपल्या घराचा सांधा चुन्याचा आहे, हे छायाचित्रातल्या पांढऱ्या ठिसूळ दर्जांवरून, म्हणजे विटांमधल्या भरलेल्या फटींवरून, स्पष्ट दिसते. चुन्याची भिंत जमिनीतून ओल घेते आणि पृष्ठभागातून ती सोडते, तिचा श्वास म्हणा हवे तर. तिच्यावर सिमेंट चढवले की ओल बाहेर पडू शकत नाही, ती वर चढते किंवा मागेच साचते. तिच्याबरोबर आलेले क्षार विटेच्या तोंडामागे फुलतात, ज्याला आपले गवंडी लोणा लागणे म्हणतात. सुमारे बारा वर्षांपूर्वी मध्य गुजरातेतल्या एका लहान स्टेशनच्या दुरुस्तीत ठेकेदाराने जोत्यापासून तीन फूट सिमेंट लावले. मला बैठकीत विचारले गेले होते, आणि "एवढा पट्टा चालेल" असे मीच म्हणालो होतो. दोन पावसाळ्यांनी तो गिलावा पाटीसारखा सुटून आला, आणि त्याच्या पाठीला विटेचे अर्धा इंच तोंड चिकटून आले. मागे उरलेली वीट नखाने खरवडत होती. तेव्हापासून तीन फूट काय, तीन इंचही मी चालवून घेत नाही.

काळ्या जमिनीचा आणखी एक पेच आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचे घर दर वर्षी थोडे वर-खाली होते. चुन्याचा सांधा मऊ असल्याने ही हालचाल बारीक बारीक केसासारख्या भेगांत वाटून जाते, आणि ओल मिळाली की काही भेगा चुना स्वतःच भरून काढतो. सिमेंटचा टणक सांधा मात्र एकाच जागी, जिन्याच्या पायऱ्यांसारखा, फाटतो. आपल्या उत्तर कोपऱ्यावरची भेग तशीच आहे, आणि तिच्याच वर मागे कधीतरी सिमेंटने दर्जा भरलेल्या दिसतात. कोपऱ्यापासून आठ-दहा फुटांवर जो पिंपळ आहे, त्याची मुळे जोत्याकडे आली आहेत का ते आधी पाहावे. भेगेत काही भरायची घाई नको. दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून वर्षभर दर महिन्याला अंतर मोजा, आणि भेग वाढते आहे, मिटते आहे की स्थिर आहे हे कळल्यावरच हात घाला.

कामाचा क्रम मी असा ठेवीन. पहिला उन्हाळा फक्त छपरावर आणि पाण्यावर घालवावा: कौले उतरवून वासे तपासणे, पन्हळी नीट करणे, आणि जोत्याभोवतीचा भराव निदान सहा इंच खाली आणून भोवती अडीच-तीन फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली, चुन्यात बसवलेल्या विटांची पट्टी करणे. पायाजवळ खोल खणू नये. त्याच वेळी खालचा फुगलेला गिलावा उतरवून भिंत उघडी ठेवावी आणि एक पूर्ण पावसाळा व हिवाळा तिला वाळू द्यावे. गावकऱ्यांना हे थांबणे जड जाईल, उद्घाटनाची तारीख ठरवण्याचा मोह होईल, तो टाळावा. पुढच्या नवरात्रानंतर चुन्याचा गिलावा करावा. भिजवलेला चुना निदान महिनाभर खड्ड्यात मुरलेला असावा, त्याच्या एका भागाला तीन भाग वाळू, आणि वाळूतच थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. एकदम जाड थर देऊ नये, दोन-तीन पातळ थर द्यावेत, आणि प्रत्येक थरावर ओले गोणपाट टांगून त्याला सावकाश घट्ट होऊ द्यावे. वरून चुन्याचीच सफेदी. तेलरंग दारा-खिडक्यांपुरता ठीक आहे, भिंतीवर नको. मुंबईत भायखळ्याच्या जुन्या स्टेशनचे जतन झाले आणि त्याला २०२२ चा युनेस्कोचा आशिया-प्रशांत पुरस्कार मिळाला, तेव्हा वर्षानुवर्षे चढलेले रंग आणि नंतरची भर काढून मूळची इमारत बाहेर आणणे हाच तिथल्या कामाचा मोठा भाग होता. आपल्याकडे दगड नाही, वीट आहे, पण काढण्याचे काम घालण्याच्या कामाच्या आधी येते, हे दोन्हीकडे सारखेच.

आतल्या गोष्टींपैकी दोन मात्र कोणत्याही परिस्थितीत हलवू नयेत. पहिली तिकीट खिडकी. ती आत रुंद आणि बाहेर अरुंद आहे, म्हणजे बाबूला बाहेरचा माणूस दिसावा पण बाहेरच्याचा हात गल्ल्यापर्यंत पोहोचू नये. तिच्या फळीत जो वाटीसारखा खोलगटपणा आहे, त्याबद्दल तो झिजून झाला की मुद्दाम केला असे आपण विचारले आहे. छायाचित्रात त्याची एक कड सुताराच्या गोल पटाशीची आहे, सरळ आणि स्वच्छ, आणि बाहेरची कड झिजून गुळगुळीत झालेली आहे. म्हणजे नाणी ओंजळीने उचलता यावीत म्हणून खळगा केलेला होता, आणि पुढे हातांनी तो वाढवला. ही फळी पॉलिश करू नका, मेणाच्या फडक्याने पुसणे पुरे. दुसरी गोष्ट म्हणजे मागच्या कोपऱ्यातली, बिनखिडकीची, बाहेरून दार असलेली लहान खोली, जिला आपण अडगळ म्हटले आहे. ती दिव्यांची खोली. सिग्नलचे आणि फलाटाचे कंदील तिथे घासलेटाने भरत, आणि आगीच्या भीतीने तिला आतून दार ठेवत नसत. तिथली जमीन तेल मुरून काळी पडलेली असेल. ती घासून पांढरी करण्याचा उत्साह कुणी दाखवला तर त्याला तिथून दुसऱ्या कामावर पाठवा.

आता माझे एक काम आपण करा. सकाळच्या तिरप्या उन्हात खांबांपाशी जा, एका खांबाच्या मधल्या पट्टीवर खडू आडवा धरून हलक्या हाताने घासा, म्हणजे उठावाची अक्षरे पांढरी उठतील. रंग खरवडू नका. चारही खांबांची अशी छायाचित्रे आणि मोजपट्टी शेजारी ठेवून विटेचे एक, एवढे पाठवा. वडोदऱ्यात प्रतापनगरला असलेल्या रेल्वेच्या विभागीय कचेरीत जुन्या मार्गांचे नकाशे पाहण्यासाठी अर्ज करायचा आहे, त्यात कोणती वर्षे लिहायची ते त्यावरून ठरवू.